नसलेली शीर

अंगठा करंगळीला टेकवा.
आता मनगट आत वाकवा, थोडंसंच.
बस्स.

दोन उन्हाळे मी हेच म्हणत फिरले,
साखर पेठेपासून अक्कलकोट रोडच्या शेडपर्यंत.
यंत्रमागांच्या खडखडाटात आधी ओरडायचे,
मग ओरडणं सोडलं,
नुसता माझा हात वर धरायचे
आणि रांगेतले सगळे तसाच हात धरायचे
शाळेच्या कवायतीसारखा, हसत.

मनगटाच्या मधोमध दोरीसारखी उठते ती पामारिस लाँगस.
काहींना असते, काहींना एकाच हाताला,
काहींना जन्मापासून नाहीच.
वहीत चार रकाने. घामाने पानं चिकटलेली.

क्रमांक एकशे त्रेचाळीस: लचमय्या येमुल, वय एकाहत्तर.
काम: सांधणी.
तुटलेला ताणा बोटांत धरून
न बघता गाठ मारायचा, माझ्याशी बोलता बोलता.
उजव्या हाताला शीर आहे. डाव्या हाताला नाही.
त्याने डावा हात दोनदा उलटा करून पाहिला,
खिशातलं काही हरवल्यासारखा.
"नसली तर काय होतं, अम्मा?"
काही होत नाही.
"मग असते कशाला?"

या प्रश्नावर आमच्या पुस्तकात दोन ओळी आहेत.
त्या न सांगता मी म्हणाले,
दुसरीकडची तुटली, की डॉक्टर ही काढून तिथे जोडतात.
"म्हणजे ठेवणीतला धागा,"
तो म्हणाला, आणि पुढची गाठ मारली.
"माझा डाव्या हातचा कुणी आधीच वापरला असंल."

जाताना त्याने फॉर्मचं विचारलं होतं.
ते असतं ना, मेल्यावर द्यायचं.
मी दिला. पेनही दिलं.

माझा शोधनिबंध परत आला: नमुना लहान आहे.

त्यानंतर आठ वर्षं.
टेबल तीन, डावा अग्रबाहू, मेचा दुसरा आठवडा,
छताचे पंखे फॉर्मॅलिनचा वास इकडून तिकडे नेतायत.
विजापूर वेशीची तहसीन बागवान
चिमट्यात काहीतरी धरून ओरडली,
"मॅडम, सापडली! पामारिस!"
सोड, मी म्हणाले. आधी सोड.
ती कंडरा नाही. ती मीडियन नर्व्ह.
हीच चूक उद्या जिवंत हातावर केलीस
तर तो माणूस शर्टाचं बटण लावू शकणार नाही.

आपल्या बोलीत सगळ्यालाच शीर म्हणतात:
रक्ताची, ताणाची, कळण्याची.
घरी खुशाल म्हणा. इथे नको.
आणि ज्याला जी नाही, ती शोधत
दुसरीच ओढून काढू नका.
पोरांनी हेही लिहून घेतलं.

तहसीनने विचारलं, मग यांची कुठे गेली?
मी वाकले.
तर्जनीच्या पेरावर आडवी खाच होती,
वर्षानुवर्षं धागा सरकून पडते तशी.
अशी खाच या गावात हजारांना असेल.
रजिस्टर महालिंगप्पाच्या कपाटात असतं, किल्ली त्याच्या कडदोऱ्याला.
तो दारात उभा होता, माझ्याकडे बघत.
"काय बघायचं हाय का मॅडम, वही?"
नको, म्हणाले मी.

मग कुणी सांगितलं नसताना
तिसऱ्या टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी
ग्लोव्हज उतरवले, अंगठे करंगळ्यांना टेकवले,
मनगटं वाकवली.
माझी आहे. माझी पण.
अरे, माझी दिसतच नाही.
हशा झाला, मी होऊ दिला.

पाच वाजता महालिंगप्पाने कापड भिजवून
हातावर नीट गुंडाळलं, बोटांच्या मध्ये दाबून,
उघडं राहिलं तर रात्रीत सुकतं.
कापड म्हणजे जुना टॉवेल, इथलाच, काठाला निळी रेघ.
एका बाजूला दोन धागे सुटले होते.
मी ते ओढणार होते,
मग तसेच राहू दिले.