ओसरीचं छत

शिडी नीट धर, डेल्विन.
वर बघू नकोस, थेंब डोळ्यात पडला
की आठवडाभर सगळं गाव निळं दिसतं.
पर्यटकांना तसंही तसंच दिसतं म्हणा.

वॉटर स्ट्रीटवरची या वसंतातली ही सातवी ओसरी.
मालकीणबाई ओहायोच्या. दुकानातून
रंगांच्या पट्ट्यांचा पंखा घेऊन आल्या,
एका निळ्याचे अठरा निळे,
आणि म्हणाल्या, यातला अस्सल कुठला?
मी म्हटलं, बाई,
नीळ उकळून घेतल्यावर पिंपाच्या तळाला
जो गाळ राहायचा, मळेवाल्याला नको असलेला,
त्यात दूध आणि चुना कालवून
आमची माणसं खोपट्यांना फासायची, तो अस्सल.
त्या गोड हसल्या.
मग तेरा नंबर निवडला.

गाव देखणं आहे, नाही कोण म्हणतं?
सकाळी ओहोटीला पाणथळीतून चिखलाचा तो वास,
ज्याला नवखे नाक मुरडतात आणि आपण
परगावाहून येताना पुलावर काचा खाली करतो.
ओकच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या राखाडी जटा,
थाळीएवढं मॅग्नोलियाचं फूल,
बोट लावलं की तपकिरी पडणारं.
आणि कॉर्बिनची खेचरगाडी. दिवसातून नऊ खेपा,
नऊ वेळा तीच कप्तानाची विधवा
गच्चीवर कंदील घेऊन उभी,
आणि नवव्या खेपेलाही त्याचा गळा खरोखर दाटतो.
अशी विधवा कधी नव्हतीच, डेल्विन.
त्याच्या मामानं रचली, धंदा बसला होता त्या साली.

दुपारी जेवताना त्या कुंपणभिंतीला हात लाव.
कालवांच्या शिंपल्या आहेत आत, अख्ख्या.
शिंपल्या जाळून चुना, त्यात वाळू, राख, पाणी,
आणि कुटायचं. कुणी कालवं खाल्ली
त्यांची नावं फाटकावर, पितळेत.
कुटणाऱ्यांची नाहीत.
पण मागच्या धुराड्याला खालून चौथ्या थरात
एका विटेवर तीन बोटं उमटली आहेत,
ओली वीट उचलताना रुतलेली.
माझी करंगळीसुद्धा त्यात मावत नाही.
बाईंना अजून दाखवली नाहीत मी.
दाखवली तर त्यावर दिवा लावतील.

इसाडोरा आत्या म्हणायची,
हेंटला पाणी ओलांडता येत नाही.
ओसरीवर आलं, वर निळं दिसलं,
त्याला वाटतं नदी लागली, मुकाट मागे फिरतं.
आणि गेल्या ऑक्टोबरात, तुला आठवतं ना,
आभाळ लख्ख, ढगाचा ठिपका नाही,
आणि पौर्णिमेचं उधाण गटारांतून वर आलं.
वॉटर स्ट्रीटला तिचं नाव शोभलं एकदाचं.
थांबायच्या लाल पाटीखालून
मलेटची दोन पिल्लं पोहत गेली, न थांबता.
लोकांनी बूट हातात घेतले, फोटो काढले,
किती सुंदर म्हणाले.
होतंच सुंदर. सगळी घरं पाण्यात उलटी,
आणि मी रंगवलेली छतं
पहिल्यांदाच खालून वर बघत होती.

काल बाईंनी विचारलं, हा रंग खरंच लागू पडतो?
म्हटलं, भुतांपुरता.
पाण्याला परतवायला काय फासायचं
ते आत्या सांगून गेली नाही.

कोपरा सोडू नकोस. गांधीलमाशी तिथूनच घर धरते.
डब्यात बोटभर उरलंय ते सांडू नको,
झाकण ठोक आणि गाडीत ठेव.
बेटावर आपल्या स्वतःच्या ओसरीचे
तीन वर्षं झाली, पोपडे उडाले आहेत.
चल, आवर.
पाचला भरती आहे, आणि पुलाआधीचा रस्ता
हल्ली साडेचारलाच जातो.