तीन बाजूंनी कागद

डॉक्टर तोष्णीवालांनी मासा आणवला
तो पेशंटची भीती जावी म्हणून.
इलियासने पिशवीतून आणून सोडला.
दीड वीत लांब, काळा, अंगावर विझत्या निखाऱ्याच्या रेघा.
म्हणाला, ऑस्कर आहे ताई, माणूस ओळखतो.

पहिल्या दिवशी त्यानं कुणालाच ओळखलं नाही.
फिल्टरच्या पाइपामागे तोंड खुपसून
एका कुशीवर पडून राहिला,
दाढ ठणकणाऱ्या माणसासारखा.
लोक म्हणाले, मेला.
मी म्हटलं, नाही, कल्ले हलतायत.

आत ड्रिल सुरू झालं की पाण्यावर बारीक काटा यायचा.
आपण कानानं ऐकतो, तो अंगभर ऐकत असणार.
पोरं टिचक्या मारायची.
लाइट जायची, आणि परत लख्खकन आली की
एवढं मोठं धूड धाडकन काचेवर.
ओठाजवळचं साल निघालं.
संजीवनीताई, देऊन टाका परत, डॉक्टर म्हणाले,
याला बघून पेशंटच घाबरायलेत.

इलियास फोनवर म्हणाला, घेतो की परत.
पण तिथंही हेच करील.
लहान मासा कुठंही लपतो,
मोठ्याला लपायला मोठी जागा लागते,
आणि मोठ्यासाठी तशी जागा
कुणी ठेवत नाही.

पोराच्या वह्यांचा उरलेला खाकी कागद
मी टाकीला तीन बाजूंनी लावला.
चौथी बाजू माझ्या टेबलाकडे.
घरी एक माठ तडकलेला होता,
तो अर्धा फोडून, कडा दगडावर घासून घासून
बोट फिरवलं तरी लागणार नाही अशा केल्या,
आणि तळाशी पालथा घातला.
पाटी लिहिली, काचेवर टिचकी मारू नये.
तिच्या वर थुंकू नये, ही आधीचीच.

पाण्याचं सांगायचं राहिलं.
आमच्याकडे नळ येतो आठव्या नाही तर दहाव्या दिवशी.
घाणेवाडीचं पाणी सुटलं की गल्लीभर भांड्यांचा आवाज.
आधी प्यायचं, मग वापरायचं,
मग एक बादली नुसती उघडी ठेवायची,
औषधाचा वास उडेपर्यंत.
ही कुणाची, सासूबाई विचारायच्या.
दवाखान्याची, मी म्हणायची. खोटं नव्हतं.
कॅन स्कूटीवर दोन पायांत धरून न्यायचा.
सगळं पाणी बदलायचं नाही, पावच फक्त,
नाही तर त्याला वाटायचं
पुन्हा कुठं तरी नेऊन टाकलं.

सकाळी आधी खिडकी. मग बाहेरची ट्यूब.
दहा मिनिटांनी त्याचा दिवा.
मग मी वहीत नावं लिहीत बसायची
आणि त्याच्याकडे बघायची नाही.
लग्न होऊन मी जालन्यात उतरले तेव्हा
अख्खी गल्ली दारात येऊन बघत उभी होती.
तोंडात घातलेला घास मी तसाच धरून बसले होते.

नवव्या दिवशीही दाणे तसेच,
फुगून तळाला. चमच्यानं काढले.

अकराव्या दिवशी एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमधला एकजण आला.
वरचा दात अर्धा तुटलेला, कानानं जरा कमी.
आवाज खाऊन खाऊन गेले कान, म्हणाला.
तासभर मांडीवर हात ठेवून बसला,
मोबाइल नाही, मासिक नाही, पाय हलवणं नाही.
माठाच्या तोंडाशी आधी एक डोळा आला.
मग अर्धं अंग.
मग तो सगळाच बाहेर, त्या माणसासमोर,
नुसते पंख हलवत.

नवा हाय का, त्यानं विचारलं.
मी बोटांनी दाखवलं, दहा आणि एक.
मग लई नाही झाले, म्हणाला,
आणि नाव पुकारल्यावर आत गेला.

कागदाचं एक टोक आता ओलीनं सुटलंय,
मी परत चिकटवलेलं नाही.
ड्रिल लागलं की तो अजूनही माठाखाली जातो.
पण शेपूट
बाहेर राहतं.