तळची साखर

दिवाळी सरली की वडणग्याच्या शिवारात
चुलाणं पेटतात.
सुभेदार केरबा चौगल्यांचं गुऱ्हाळ रस्त्यालगत,
चिपाडाच्या ढिगाआड त्यांची खाट,
खाटेवरून लोंबणारा डावा पाय,
त्याला तीनच बोटं.

आम्ही विचारायला गेलो होतो.
चार पोरं मंगळवार पेठेतली, आणि मी.
पन्हाळा ते पावनखिंड आठ वेळा चाललेलो,
आता डिसेंबरात हिमालय;
तिकिटं काढलेली, बूट राजारामपुरीतून घेतलेले.
"आत्ता कुठं सुरुवात आहे, काका," सुशांत म्हणाला,
"घोटाभरसुद्धा बर्फ नाही.
धोका असतो तो फेब्रुवारीत."

सुभेदारांनी काहिलीकडं बघितलं,
मग घरातून परात मागवली.
परातीत ओलं गोणपाट. "ही भुई."
त्यावर ओंजळभर साखर पसरली.
वर अलगद ठेवली
भाकरीएवढी, निवलेली गुळाची वडी.

"पहिला बर्फ पातळ पडतो.
वर उघडं आभाळ, रात कडाक्याची,
खाली भुई अजून उबदार.
दोघांच्या ओढाताणीत
मधल्या बर्फाची साखर हुती.
मुठीत दाबा, गोळा हुईत न्हाई. सांडती.
सावलीच्या अंगाला तर महिनाभर तशीच पडून.
मग वारा सुटतो, नवा बर्फ आणतो,
त्या साखरेवर लादी बसवतो.
वरनं टणक लागतं. पाय वाजतो.
माणूस म्हणतो, पक्कं हाय."

परात एका अंगानं उचलली,
वडीच्या कडेला एक बोट टेकवलं, नुसतं.
वडी अख्खी निघाली
आणि माझ्या मांडीवर आली.

कुणी हसलं नाही.
गुळव्या तेवढा म्हणाला, वडी मोडली की वो.

"आणि धप्प असं वाजलं, तर ऐका.
पोत्यावर पोतं टाकल्यावाणी.
पायाखालनं येतं, लांब पळत जातं.
त्याच्यापुढं एक पाऊल न्हाई.
तिकिटाचे पैसे मी दितो."

सुशांतनं पायाच्या बोटांचं विचारलं.
ते त्यांनी सांगितलं नाही. म्हणाले,
"तेवीस नोव्हेंबर. चौघं हुतो.
सिदगोंडा माझ्या पुढं, टाकळीचा.
म्हणाला, नाईक, गुडघ्याएवढाबी न्हाई की हो बर्फ.
त्याला शोधून काढायला
मार्च उजाडला."

परातीत तोवर मुंगळे आले होते.

*

तिसऱ्या दिवशी, उत्तरेच्या उतारापाशी,
ऊन पोचत नव्हतं तिथं मी फावडं घातलं.
वर चार बोटं घट्ट थर, चाकूनं कापावा असा.
खाली काठी आपोआप गेली.
मूठ भरून घेतली:
दाणे. कोरडे, चकचकीत, एकमेकांशी न बोलणारे.
खडकांची टोकं तळाशी दिसत होती,
इतका थोडा बर्फ.
खिंड समोर होती, दोन तासांवर.
आभाळ निळंभोर.

सुशांत दोन पावलं पुढे झाला
आणि वाजलं.

पोत्यावर पोतं.
त्याच्या बुटापासून भेग निघाली,
उसाचं कांडं उभं चिरावं तशी,
पंचवीस-तीस हात धावली, थांबली.
आम्हीही थांबलो.
मग आपापल्याच खुणांत पाय टाकत
एकेक करून मागे.

मिरज येईपर्यंत सुशांत बोलला नाही.
पेठेत चिडवणारे चिडवत राहिले,
घोटाभर बर्फाला भ्यायली कोल्हापूरची पोरं.
तो उतार पुढं कोसळला की नाही,
आम्हाला कळलं नाही.
कदाचित तसाच उभा राहिला असेल
वसंतापर्यंत, आणि मुकाट वितळला असेल.
याचं उत्तर माझ्याकडं नाही.

वडणग्याला गेले तर काहील उतरत होती.
सुभेदारांनी एवढंच विचारलं, "किती खणलं?"
मी कोपरावर हात ठेवला.
"आणि तळाला?"
मी मूठ उघडून दाखवली, रिकामी.

त्यांनी चिपाडाचा तुकडा काकवीत बुडवून दिला.
"गरम हाय," म्हणाले. "फुकून खा."