नमुना सतरा

धाकू झोरे म्हणाला, "ह्या झाडाखाली निजू नका,
अंग उतंल."
मग हातापायाला तेल चोळून स्वतःच चढला
आणि हुलगेरीची चार कोवळी पानं
माझ्या पिशवीत टाकली.
पिशवीवर मी लिहिलं: सतरा. तिलारीच्या वरचं अंग. मार्च.

चंदगडहून कोल्हापूरला येताना
एसटीत मांडीवर बर्फाचा डबा.
शेजारच्या बाईनं विचारलं, "मासं काय?"
"पानं," मी म्हणाले.
ती गडहिंग्लजपर्यंत बोलली नाही.

विद्यापीठाच्या माळावर मार्चमध्येही वारा असतो,
प्रयोगशाळेची खिडकी आपटत राहते.
काजूच्या जातीचं पान वाटलं की काळं पडतं,
चीक राग धरतो.
सहा वेळा सगळं मोरीत ओतलं.
सातव्यांदा नळीच्या तळाशी
पिंजलेल्या कापसाचा एक धागा, पांढरा.

प्रायमर काजूच्या मापाचे.
ते बिब्ब्याला, हुलगेरीला लागतील?
इंगवले सर म्हणाले, "लावून बघ.
बिब्बा घालायची सवय आहेच तुला."

पावणेदहा वाजले. जेल जांभळ्या उजेडात ठेवलं.
तेवीस जोड्यांतल्या नऊ बिब्ब्यात उजळल्या,
हुलगेरीत चारच.
पण एक पट्टा असा, की मी चष्मा पुसला:
वेंगुर्ल्याचं कलम, आजऱ्याचं गावठी, सतरा,
तिघं एका रेषेत.
एक गलबतातून आलेला,
एक ह्या डोंगराबाहेर कधी न पडलेली.
लाखो वर्षं भेट नाही
आणि तरी भाऊबंदकी शाबूत.

परीट पूर्वी बिब्ब्यानं कपड्यावर खूण करायचे,
शंभर धुण्यांत न जाणारी.

गावठी काजू आनमारी बारदेस्करच्या परसातला.
एकतीस वर्षं ती आजऱ्याच्या कारखान्यात टरफलं फोडते.
संमतीच्या कागदावर मी अंगठा मागितला,
तर उमटला नुसता शाईचा डाग,
रेघ एकही नाही.
"चिकानं खाल्ल्या. रेशनचं यंत्रबी वळखत न्हाई."

आज निकाल सांगायला गेले.
तिनं हात पदराला पुसले.
"झाडाचं उमटलं न्हवं?"
"उमटलं."
"मग बास."
आणि फांदी वाकवून धरली,
आणखी पानं लागतील म्हणून.