चाळीस काय?

मंगळवारी शामाच्या किनाऱ्यावर कुणी होडी लोटत नाही.
समुद्राच्या सुटीचा दिवस.
म्हणून आमचा वर्ग मंगळवारी,
जाळी विणणाऱ्यांच्या छपराखाली.
फळा म्हणजे मोडक्या होडीची फळी,
काळा रंग फासलेली, खालच्या कडेला अजून मीठ धरते.

आराबा एसुमान सगळ्यांत मागे.
मंगळवारी जन्मली म्हणून आराबा,
वय त्रेपन्न, दोन होड्यांची मालकीण,
वहीलाही धुरावलेल्या मासळीचा वास.

मी लिहितो : दर बरोबर इंधन भागिले वेळ.
आता वेळेला कर्ता करा, म्हणतो.
कर्ता म्हणजे?
जो बरोबरच्या चिन्हाअलीकडे एकटा उभा राहतो,
बाकी सगळे पलीकडे.
"म्हणजे मी," ती म्हणते, "नवरा गेल्यापासून."
बायका खो खो हसतात.
मी खडू शोधत बसतो, हातातच असतो.

ती लिहून आणते : दर भागिले इंधन.
पंधरा भागिले एकशे ऐंशी.
शून्याच्या पुढे टिंब, टिंबापुढे आणखी एक शून्य.
आकड्याकडे बघू नका, मी म्हणतो,
एककं मांडा.
वरचा लिटर, खालचा लिटर, छाट.
उरतो एकाखाली तास,
वटवाघळासारखा उलटा टांगलेला.
"वेळ मागितली, तर हे काय आलं?"
वहीही ती उलटी धरून बघते.

पुन्हा.
दोन्हीकडे वेळेने गुणा, म्हणजे वेळ तळातून वर येईल.
मग दोन्हीकडे दराने भागा.
एका काठावर जे केलं ते दुसऱ्या काठावर करायचंच.
हे तिला सांगावं लागत नाही;
एकाच बाजूने जाळं ओढलं की होडीचं काय होतं
ते तिने पाहिलंय.
लिटर लिटरला गिळतो. तास सुलटा होतो.
चाळीस गॅलन म्हणजे एकशे ऐंशी लिटर,
तासाला पंधरा,
बारा तास.
ती बाराखाली रेघ मारते, मग आणखी एक.

मागच्या हरमॅटनमध्ये, धुळीने सूर्य पितळी झाला होता तेव्हा,
तिच्या बहिणीचा फीफी गेला होता.
टाकीत चाळीस, इंजिन पितं तासाला तीन,
तेरा तास आरामात, म्हणाला.
चाळीस होते लिटर.
तीन होते गॅलन.
तीन तासांत इंजिन गप्प झालं.
दोन रात्री वाहत गेला,
परक्या बोटीने ओढून आणला,
ओठ असे फाटलेले की आईचं नावही फुटेना.

भागाकार त्याला मीच शिकवला होता.
याच फळीवर.
एककं शेवटी लिहा म्हणायचो, खडू वाचतो.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.
आराबाला ठाऊक असावं;
ती प्रत्येक आकड्यामागे एकक लिहिते
आणि लिहून झालं की माझ्याकडे बघते.

"बारा तास," मी म्हणतो,
"म्हणजे सहा तास जायचं आणि फिरायचं."
"पाच," ती म्हणते.
"सहा."
"पाच. परतताना वारा तोंडावर असतो.
तो कुठे लिहिलाय?"
फळीवर नाही.
वाऱ्यासाठी अक्षर ठरवायचं राहिलंय,
आणि ते वर बसेल की खाली,
हेही मला चटकन सांगता येत नाही.
"पुढच्या मंगळवारी," मी म्हणतो.
"तोवर पाच," ती म्हणते.

बुधवारी पहाटे, अजून उजाडायचं असताना,
इंधनाच्या टपरीवर तिचा आवाज चढतो.
अनोळखी माणसाला भांडण वाटावं.
पोरगा नळी हातात धरून म्हणतो, चाळीस झाले, आई.
"चाळीस काय?"
तो पुन्हा म्हणतो, चाळीस.
"चाळीस काय रे?
चाळीस बोंबील? चाळीस वर्षं?"
रांगेतला फीफी मान खाली घालतो,
आणि आपल्या डब्यावर कोळशाने लिहू लागतो.