कास्ट

शिरोलीच्या फाउंड्रीत मी रस ओततो;
चलनावर लिहितात, कास्टिंग.

दीक्षा डिक्शनरीत बोट घालून बसलेली:
"पप्पा, मूळ अर्थ फेकणे.
कुठल्या थंड मुलखातल्या खलाशांचा शब्द."
जाळं टाकलं, मत टाकलं,
सापानं कात टाकली, सगळीकडं हाच.
"मग आपलं टाकणंच की गं," म्हटलं,
"पंचगंगेत भोई टाकत्यात तसं."

हसली. मग कॉलेजचा फॉर्म.
तिसरा रकाना: कास्ट.
"ह्योच का?"
"न्हाई. हा पोर्तुगीजांकडनं आला.
शेवटी एक ई जास्त, पण ती बोलत न्हाई."

पेन उचललं नाही तिनं.
मी शर्टावरची काळी वाळू झटकत राहिलो.
"साचा तर आमी रोज फोडतो," म्हटलं,
"एका ओतणीला एक."

बाहेर पाळीची बस हॉर्न देत होती.