पेपरवालीचं मत

नेरहून येणाऱ्या सव्वासहाच्या यष्टीतून
कंडक्टर गठ्ठा खाली फेकतो
आणि सुतळी तोडायच्या आत फोन वाजतो.
संघमित्राच्या तिकडे पावणेबारा.
माझा दिवस अजून बांधलेला,
तिनं तिचा अर्धा वापरून टाकलेला.
"कसा हाय व आजचा दिवस? घेऊ का?"
मी विचारते,
आधीच टरबूज कापून पाहिलेल्याला विचारावं तसं.

ती डब्बो नावाच्या गावात
म्हाताऱ्यांच्या घरात नर्स आहे.
(गावाचं नाव ऐकून रुख्मा अजून हसते.)
पूर्वी साठ पेपर खपायचे, आता सतरा,
त्यातले चार वाढदिवसाच्या जाहिरातीत
आपला चेहरा आला का ते बघायला.
पेपर वाचून वाचून तुझी भाषा छापील झाली,
असं पोरगी म्हणते.
असेल.

तिकडे मत दिलं नाही तर दंड.
म्हणजे इकडे द्यायचे पैसे मिळतात,
तिकडे न द्यायचे भरावे लागतात.
आणि मटण?
ते असतं, बूथबाहेर, पावात घालून,
पण मत देऊन झाल्यावर,
स्वतःच्या पैशानं, शाळेच्या मदतीसाठी.
मला हे सगळं पटलेलं नाही.
दंडाला भिऊन दिलेलं मत म्हणजे
सासूला भिऊन केलेला स्वयंपाक.
पण तिकडे बटण नसतं, पेन्सिल असते,
सगळ्या उमेदवारांना नंबर द्यायचे, नावडत्यालासुद्धा.
शेवटचा नंबर द्यायला
मला फार आवडलं असतं.

उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला अर्धगोल पाटी,
रान आज किती पेटू शकतं
ते काटा सांगतो.
इकडे दर मे महिन्यात माझ्या गठ्ठ्यात
स्कार्फ बांधलेल्या त्याच तीन मुली, त्याच स्कूटीवर,
पारा तेवढा नवा.
ओळखते मी त्यांना आता.
मधलीचं लग्न झालं असावं.

सोळाच्या आतल्या पोरांना तिकडे रील बंद.
ढोकेबाईंच्या तनिषला सांगितलं,
चौदाचा आहे, शंकरपटाचे व्हिडिओ टाकतो.
"मंग मी सतराचा होतो, काकू."
त्याला काय बोलू,
माझाही जन्म हेडमास्तरांनी
एक जुलैला उरकला होता.

एका गोष्टीवर मात्र सुतळी हातातच राहिली.
तिच्या कामावर मीटिंग सुरू होताना
कुणीतरी उभं राहून म्हणतं,
ही जमीन विराड्जुरी लोकांची.
होती, आणि आहे.
मग खुर्च्या सरकतात, चहा, ड्यूटीचे तक्ते.
"वापस देतात का मंग?"
"नाही ना, आई."
"मंग कायले म्हनतात?"
ती गप्प.
मागे कुठल्यातरी म्हाताऱ्याची घंटी वाजत होती.

आमच्या ग्रामसभेत नारळ फुटतो,
गुच्छ दिले जातात, फोटो निघतात.
टेकडीमागच्या पोडावर
माझा एकही पेपर जात नाही.
या खेपेला मी उभी राहिले.
छापील भाषा ऐनवेळी पळाली.
"हे गावठान कोलामाईचं होतं," म्हटलं,
"आपन मांगून आलो.
कोनी म्हनत नाई, म्हून म्हनलं."
पंखा फिरत होता.
सरपंच हसले,
"काकू, पेपर जरा कमी वाचत जा."
पुढचा विषय: नालीवरचं झाकण.

दुसऱ्या दिवशी सतराही पेपर चाळले.
झाकण आलं होतं. फोटोसकट.

गुरुवारी बाजाराला भीमाबाई टेकाम आली,
दर वेळेसारखी टोपली देऊन
रद्दी न्यायला.
मी तिला यातलं काहीच सांगितलं नाही.
सांगून काय, घंटी वाजवायची?
काटा बघितला,
आणि दीड किलो जास्त बांधून दिली.
तिनं गठ्ठा उचलून पाहिला,
माझ्याकडे पाहिलं,
आणि जास्तीचे परत ठेवले.